वरातीबाहेरचं क्लॅरिनेट

माझ्या वडिलांनी, म्हणजे आधार आबांनी, पस्तीस वर्षं दोंडाईच्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं आणि एकही गाणं शेवटपर्यंत वाजवलं नाही. वरातीत तसंच असतं. नवरदेव मांडवाच्या दारात पोचला की वरपक्षाकडचा कोणीतरी हात वर करतो, आणि सूर जिथं असेल तिथं तोडायचा. न तोडणाऱ्याला पुढची सुपारी मिळत नाही.

म्हणून जळगावच्या डॉक्टर हितेंद्रनी जाझच्या कार्यक्रमाला बोलावलं, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "शेवटपर्यंत वाजाडू देतीन का?"

"देतील," मी म्हटलं. छातीठोकपणे.

हे डॉक्टर दातांचे, पण वेड जाझचं. त्यांनी तीन त्रिकुटं जमवली होती, आणि अट अशी की वाद्यं एकमेकांना कधी भेटलेली नसावीत. पहिल्या त्रिकुटात चेलो, पखवाज आणि ट्रम्पेट. मग आम्ही: आबांचं क्लॅरिनेट, त्यांच्याच बँडमधल्या ललितचा संबळ आणि माझी बेस गिटार, जी मी भीमगीतांच्या पार्टीत शिकले. आबांनी वरातीचीच एक चाल घेतली होती, पण ती मध्येच कुठल्या कुठे निघून जायची आणि मी तिच्यामागे धापा टाकत पळायची.

संध्याकाळी हॉल भरला. चौथ्या मिनिटाला आबा रंगात आले. तेवढ्यात उशिरा आलेलं एक कुटुंब पहिल्या रांगेसमोर घुटमळायला लागलं. त्यांनी खाली बसावं म्हणून डॉक्टरांनी विंगेतून हात वर केला.

आबांनी सूर तोडला. ललितही थांबला, तोही वरातीतलाच. मी एकटी खुळ्यासारखी गिटार बडवत राहिले.

डॉक्टरांचा असा संताप आला की दाढ किडून पडली तरी यांच्या खुर्चीत बसणार नाही, असं मी तिथल्या तिथं ठरवलं. आबा तर क्लॅरिनेट काखेत मारून निघालेच.

"आबा, कुठं चाललात?"

"त्यासनी हात वर करा ना," आबा म्हणाले. डॉक्टरांनी हात वर केला, म्हणजे आपलं वाजवणं संपलं.

मग तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "आबा, वाजाडा ना! आम्ही सगळा ऐकी राहिनूत!"

डॉक्टरांनी दोन्ही हात खिशात कोंबले. आबांनी समोर बघितलं. दोनशे माणसं बसून होती, त्यांच्यासाठी थांबलेली. आबांनी सूर तोडला होता तिथूनच उचलला.

आमची आठ मिनिटं ठरली होती, चौदा झाली. डोकं खाजवायचीही कोणाची हिंमत झाली नाही. चाल फिरफिर फिरली, दमली, हळूहळू खाली उतरली. शेवटचा सूर आबांनी श्वास संपेपर्यंत धरला आणि स्वतःच सोडला.

टाळ्या थांबेनात. आबा गोंधळून माझ्याकडे झुकले.

"सपना, आते काय करानं?"

गाणं संपल्यावर काय असतं, हे या माणसाला ठाऊकच नव्हतं.

"काहीच नई, आबा," मी म्हटलं. "नुसते उभे राहा."