बारा दिवसांचा गळपट्टा

"टाक्यामागे टाका, दोरा माझा लांब,
इरिकोबाई गं, बारा दिवस थांब..."

हे गुणगुणणं मी ऐकलं तेव्हा मला धड आकारही नव्हता. निळीत रंगवलेल्या एका जुन्या गादीच्या खोळीचा मी तुकडा होतो, आणि मिसाओ नावाची बाई ओसरीवर बसून माझ्या पोटात कापूस भरत होती. पुढे पुष्कळ आवाज ऐकले, पण इतका मऊ आवाज पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही.

मित्रांनो, मी एक मांजराचा गळपट्टा आहे. घुंगरू लावून मिरवायचा नव्हे. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या मानेभोवती बांधतात ती सूर्यफुलासारखी पसरट, गुबगुबीत झालर म्हणजे मी. मांजराची जीभ खरखरीत असते. दुखलं की ते चाटत सुटतं, आणि चाटता चाटता टाके उसवतं. त्या जिभेच्या आणि जखमेच्या मध्ये उभं राहायचं, एवढंच माझं काम.

आमचं बेट लहान. सारा उन्हाळा इथे कढईतून काढलेली छोटी मासळी जाळ्यांवर वाळत असते. त्या वाळल्या मासळीला इथे इरिको म्हणतात, आणि तिच्यावर डल्ला मारता मारता म्हातारी झालेल्या करड्या मांजरीचं नावही इरिकोच. तेरा वर्षांची होती. तिच्या पोटाला गाठ आली. मिसाओने तिला टोपलीत घालून बोटीने पलीकडच्या शहरात नेलं, आणि जनावरांच्या डॉक्टरांकडून पोटावर वीतभर टाके घेऊन परत आणलं. डॉक्टरांनी बारा दिवसांसाठी गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलं होतं. ते घालून इरिको भिंतीकडे तोंड करून बसली. पाण्याला शिवेना, माशाला शिवेना. म्हणून मिसाओने मला शिवलं. खोळ तिच्या माहेरची होती, डोंगरातल्या चहाच्या मळ्यांकडची.

"माहेरचं कापड मांजराच्या गळ्यात!" तिच्या सासूबाई, तोमिएबाई, दारातूनच म्हणाल्या. "माझे गुडघे दहा वर्षं ठणकतायत, त्यांना नाही कुणी अशी गादी शिवली."

"तुम्ही माप द्या आई, आज शिवते."

"नको बाई. उद्या मलाही टोपलीत घालून बोटीवर चढवशील."

दोघी हसल्या. हो, तेव्हा त्या घरात हसू होतं.

माझ्या दोन नाड्या होत्या. त्या मिसाओने जाळ्याच्या गाठीने बांधल्या, मासेमारीचं जाळं विणताना घालतात तिने. बेटावरच्या बायका ती झोपेतसुद्धा घालतील, पण ही पडली डोंगराकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिने बांधलेली मासळीची पोती धक्क्यावर सुटली होती, आणि वीस वर्षांनंतरही कोणी ना कोणी विचारायचंच, "काय डोंगरकर, आज पोती कोण बांधतंय?" म्हणून ती चोरून शिकली. नवरा जहाजावरून सुट्टीला आला की त्याच्याकडून, मोरीचं दार लावून. माझ्या नाड्यांवरची गाठ पक्की होती, मित्रांनो. माझ्याइतकं ते दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

सहा दिवस मी इरिकोच्या गळ्यात होतो. सुरुवातीला तिने मला शिव्या घातल्या. मांजरीच्या शिव्या, पण कळतात. मग माझ्यावरच हनुवटी टेकून झोपू लागली. मिसाओ चमच्याने माशाचं पाणी भरवायची, टाके बघायची, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक टिंब काढायची. शेजारच्या फुजिएताई मुद्दाम मला बघायला आल्या. "शिवण बघा, कशी मोत्याच्या दाण्यासारखी!" असं म्हणाल्या. मी फुगलो होतो. कापूस तर होताच, वर अभिमान.

सातवा दिवस पितरांचा आला. ऑगस्टमध्ये आमच्याकडे पितर घरी येतात. देव्हाऱ्यापुढे काकडी-वांगी मांडतात, आणि देवळाचे गुरुजी घरोघर जाऊन मंत्र म्हणतात. एकेका घरी फार तर पाव तास. पण त्या पाव तासात घर कसं आहे, सून कशी आहे, चटया झाडल्यात की नाहीत, हे सगळं बेटाला कळतं. मिसाओ सकाळीच टेकडीवर थडगी धुवायला गेली होती. जाताना म्हणाली, "आई, तेवढी इरिको बघा हं. पट्टा काढू नका." तोमिएबाई म्हणाल्या, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

गुरुजी आले. घंटा वाजली. आणि इरिको रडायला लागली. घंटेला घाबरली, की तिलाही कोणी दिसलं, कोण जाणे. कागदी दाराला ती माझ्यासकट धडका देऊ लागली. धप्. धप्. एक चौकट फाटली. गुरुजींचा आवाज क्षणभर अडखळला आणि पुढे गेला. तोमिएबाईंची मान लाजेने खाली गेली. सात पिढ्यांचे पितर बसलेले, गुरुजी समोर, आणि घरात हा तमाशा! त्या गुडघ्यांवर सरकत मागे आल्या.

"घटकाभर," त्या कुजबुजल्या. "मंत्र संपले की लगेच बांधते."

आणि नाड्यांवर त्यांची बोटं आली.

मंत्र संपले. पण गुरुजींना कलिंगड द्यायचं होतं, पंख्याने वारा घालायचा होता. मग मिसाओच्या नणंदा आल्या, मग थंड शेवया झाल्या. मी चटईवर उताणा पडून होतो. मला हात असते तर, मित्रांनो! ओसरीखालच्या गारव्यात इरिको चाटत होती. तो आवाज मी ऐकत होतो, खर्र, खर्र, जणू कोणी माझीच शिवण उसवतंय.

तिसऱ्या प्रहरी मिसाओ बादली घेऊन परतली. आधी मी दिसलो, मग रक्ताचे थेंब दिसले. ओसरीखाली शिरून तिने मांजर बाहेर काढलं आणि तशीच मातीत बसून राहिली.

"हा पट्टा... आई, हा सुटला कसा?"

खोलीत चार बायका शेवया खात होत्या. तोमिएबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मला काय माहीत? तुझी गाठ सुटली असेल."

"अगं, डोंगरकरच ती!" कोणी तरी म्हणालं. दुष्टपणे नव्हे, सहज. त्याच सहजपणाने मिसाओचं तोंड कायमचं बंद झालं.

पितरांच्या दिवसांत शहरातला दवाखाना बंद. दोन दिवस ती मांडीवर मांजर घेऊन बसली. मग पुन्हा बोट, पुन्हा भूल, पुन्हा टाके. म्हाताऱ्या जिवाला दुसरी भूल झेपत नाही. इरिको परत आली, पण ती आलीच नाही म्हणा ना. मागचे पाय ओढायची. उंबरा चढवेना. मिसाओ तिला दर तीन तासांनी कूस बदलून द्यायची, अंग ओल्या फडक्याने पुसायची. मांजराला स्वतःला चाटून स्वच्छ होता येईना, ही त्याची केवढी बेअब्रू. ऑक्टोबरात मासळीची जाळी उचलली त्या आठवड्यात ती गेली.

मला मिसाओने धुतलं, वाळवलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. डब्यात मी आठ वर्षं काढली. झाकण नीट लागत नसे, म्हणून घरातलं ऐकू यायचं. तिने एप्रनच्या नाड्या काढून बटणं लावली. पार्सल बांधायचं झालं की ती दुकानदाराकडे नेई. दाराशी मांजरं येत. ती खाऊ घाली, पण एकीलाही आत घेतलं नाही. एका कापडी वस्तूचं नाव बद्दू झालं तर झालं. पण स्वतःच्याच हातांवरचा विश्वास उडालेली बाई मी रोज ऐकली, आणि बोलू शकलो नाही. खोटं बोलणारीला तोंड होतं, खरं माहीत असणाऱ्याला नव्हतं. याहून कडू काही मी चाखलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी असा जीव असेल तर माझं ऐका. तो रडेल, धडपडेल, तुमच्याकडे अशा डोळ्यांनी बघेल की तुमचे हात आपोआप गाठीकडे जातील. पाहुणे काय म्हणतील असंही वाटेल. म्हणू देत. बाराव्या दिवसाआधी सोडू नका. आणि सोडलीच, तर लगेच सांगा. जखम लवकर कळली तर शिवता येते.

गेल्या वर्षी तोमिएबाई न्हाणीत पडल्या. कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता त्यांची कूस मिसाओ बदलते, दर तीन तासांनी. चमच्याने माशाचं पाणी भरवते.

"खारट झालंय," त्या म्हणतात.

"काल अळणी म्हणालात, आई."

"काल अळणीच होतं."

हल्ली मात्र अंग पुसून घेताना त्या डोळे मिटून घेतात.

परवा दुपारी फुजिएताई आल्या. कुशीत पिवळी मांजर, पोटावर ताजे टाके. "मिसाओ, ती तुझी झालर अजून आहे का गं? नरसाळ्यानं वेडी झालीय ही."

डबा उघडला. आठ वर्षांनी उजेड आला. मिसाओने मला झटकलं, गालाशी धरलं, आणि पुढे केलं. "घ्या. पण तुम्ही बांधा."

"ही बघ माझी बोटं. दोन जाळं ओढायच्या चाकात गेली, उरलेली वाकत नाहीत. तूच बांध."

"नको, ताई."

"अगं, एक गाठ तर मारायची!"

"माझ्या गाठीनं एक मांजर मेलंय." मिसाओ हे इतकं शांतपणे म्हणाली की पिवळी मांजरसुद्धा ओरडायची थांबली. "दुसरं नको."

मला परत डब्यात जावं लागणार असं वाटलं.

आतल्या खोलीत गादीवर हालचाल झाली.

"मिसाओ."

"आले, आई. कूस बदलायची का?"

"नको. तिथंच उभी राहा. फुजिए, तूही ऐक." आवाज चिरका होता, पण शब्द स्वच्छ होते. "गाठ सुटली नव्हती. मी सोडली. गुरुजींपुढं लाज वाटली म्हणून सोडली. आणि सहज सुटली नाही गं ती, दातांनी ओढावी लागली. माझी दोन नखं तुटली, इतकी घट्ट बांधली होतीस तू."