दिपालीच्या उरलेल्या गोळ्या

धाकट्या जावेला, दिपालीला, उन्हाळी लागली, तर तिचा नवरा तिला गाडीवर बसवून ताडकळसहून थेट परभणीला घेऊन गेला. राजेश्रीच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. तिला स्वतःला दोन वर्षं लघवीला हीच जळजळ होत होती. सासू नर्मदाबाई म्हणायची, "धन्याचं पाणी पे." फारच झालं तर मेडिकलवरून दोन गोळ्या यायच्या. दोन दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. तिच्यासाठी डॉक्टर कसला नि परभणी कसली! दिपालीचं मात्र सगळंच कौतुकाचं. त्यात ती चार महिन्यांची पोटुशी, मग तर विचारायलाच नको.

दिपाली सात दिवसांच्या गोळ्या घेऊन आली, रोज दोन. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, जळजळ थांबली बघा."

"मग कशाला खायलीस?" राजेश्री मायेनं म्हणाली. हवी तेव्हा तिला माया बरोबर साधायची. "लय गरम असत्यात गोळ्या. पोटातल्या लेकराला सोसायच्या न्हाईत."

गावात सगळ्या बाया हेच सांगतात. दिपालीला खरं वाटलं. उरलेल्या गोळ्या तिनं जावेच्या हातावर ठेवल्या. "तुमालाबी तरास हाय न्हवं? तुमीच घ्या."

राजेश्रीनं घेतल्या. परभणीच्या डॉक्टरच्या गोळ्या एकदाच्या आपल्याही पोटात गेल्या, एवढंच समाधान. पंधरा दिवसांत तिची जळजळ परत आली.

महिना होतो न होतो तोच दिपालीला हुडहुडी भरून ताप आला. कमरेत कळा मारायला लागल्या. तिला परभणीला दवाखान्यात भरती केलं आणि सोबतीला नर्मदाबाईनं थोरलीलाच धाडलं.

तिसऱ्या दिवशी लघवीचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आधीची गोळी या जंतूंवर आता चालतच नाही. दुसऱ्याही बऱ्याच चालत नाहीत. इंजेक्शनंच द्यावी लागतील. किडनीपर्यंत गेलंय हे, बाळालाही धोका आहे. हरभऱ्यावर अर्धाच फवारा मारला तर अळी मरते का? उलट निबर होते. गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्या का?"

राजेश्रीनं दिपालीकडे पाहिलं.

"न्हाई," दिपाली म्हणाली. "माझ्याच मनानं बंद केल्या."

डॉक्टरीणबाई तिला फाडफाड बोलल्या. राजेश्रीनं खरं तर सुटकेचा श्वास सोडायचा, पण तिचं डोकं आणखीच भडकलं. चांगुलपणातही हीच पुढं! तापानं फणफणलेली, तरी हिला मोठेपणा पाहिजेच!

डॉक्टरीणबाई निघाल्या, तेव्हा दिपालीनं त्यांना थांबवलं. "बाई, आमच्या ताईलाबी हाच तरास हाय. दोन वर्सं झाली. घरात कुणी इचारत न्हाई. त्यांचीबी लघवी तपासा."

हे दोन शब्द नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या तोंडून ऐकायला राजेश्रीचे कान आसुसले होते. ते आले हिच्या तोंडून. राजेश्रीला गलबलून आलं.

"तिनं न्हाई बंद केल्या," ती म्हणाली. "मीच करायला लावल्या. लेकराचं निस्तं निमित्त होतं. हिला सगळं मिळायलंय, हे मला बघवत न्हवतं."

डॉक्टरीणबाईंनी लघवीसाठी एक रिकामी बाटली राजेश्रीच्या हातात दिली आणि दिपालीच्या किती गोळ्या राहिल्या होत्या ते विचारलं.

"आठ," राजेश्री म्हणाली.

दिपालीनं पोटावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.