कर्णाबाईंचा होकार

गल्लीत तिला सगळे कर्णाबाई म्हणत. म्हणणारच! बाईने शेजारणीकडे मीठ मागितलं की पलीकडच्या इमारतीतून विचारणा व्हायची, "किती हवंय?" पण दोष तिचा नव्हता, यंत्रमागाचा होता. तिची आजेसासू हातमागावर विणता विणता गाणी म्हणायची म्हणे. पुढे कुणा डोकेबाज माणसाने माग यंत्रावर चालवला. कापड स्वस्त झालं, उघड्या अंगांवर चढलं, ते नाकारून कसं चालेल? पण जिथे तीही माग चालवायची, त्या शेडमध्ये असा खडखडाट सुरू झाला की गाणं राहिलं बाजूला, बोंब मारली तरी ऐकू येईना.

मग सगळे ओठ वाचायला शिकले. समोरच्या मागावरच्या विणकराने तिला असंच, आवाज न करता विचारलं होतं, "येतेस का माझ्या घरी? कायमची?" अख्ख्या रांगेने ते वाचलं! ही लाजून चूर. "विचार करून सांगते," असं ओठांनीच म्हणाली, आणि त्याला चांगलं तंगवलं.

आज तोच विणकर दवाखान्यात खाटेवर डोळे मिटून पडला होता. ती उशाशी बसली होती. काचेपलीकडे डॉक्टर तिच्या मुलाशी बोलत होते.

"आता फार दिवस नाहीत," त्यांचे ओठ म्हणाले. "घरी न्या, नाहीतर मशीनवर ठेवून थोडे वाढवू."

"मशीनवरच ठेवा. आणि आईला सांगू नका, धसका घेईल."

जन्मभर मशीनपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला शेवटीही मशीनच? पण नवऱ्याला हे कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

मुलगा आत आला. "काळजी नको, आई! थोडे दिवस इथेच राहायचंय."

"बरं, बाबा."

तिला त्याचा राग आला आणि कीवही. शिकवून साहेब केलेल्या पोराने शेड कधी पाहिलीच नव्हती. काचेला तो आडोसा समजत होता.

तो खिडकी लावायला वळला, तसे खाटेवरचे डोळे उघडले. म्हणजे म्हातारा झोपला नव्हताच, लबाड! पापण्यांच्या फटीतून त्यानेही सगळं वाचलं होतं. त्याचे ओठ हलले.

"येतेस का माझ्या घरी?"

तिला रडू फुटलं. या खेपेला मात्र तिने विचार करायला वेळ मागितला नाही.

"चला!" ती एवढ्यांदा ओरडली, की नर्स धावत आली.

"कुठे चला?" मुलगा गोंधळला. "आई, अगं, कुणी काही बोललंच नाही!"

ती खाटेखाली वाकून नवऱ्याच्या चपला शोधत होती.