साखरखेर्ड्याहून परतलेला शंख

मित्रांनो, देवघरात बसून रोज हळदकुंकू लावून घेतलेला आणि तरीही समुद्रावर परतलेला शंख तुम्ही पाहिला नसेल. तो मीच. वय विचारू नका, पाठीवरची झीज बघा.

मला समुद्रातल्या एका गोगलगायीने घडवले. ती गेल्यावर माझ्यात एक थोरला संन्यासी खेकडा राहायला आला. नाव संन्यासी, पण घरावाचून त्याचे घडीभर चालत नाही! पोट मऊ, उघडे पडले की मासे टपलेलेच. त्याने माझ्या पाठीवर समुद्रफुले, म्हणजे फुलांसारखे दिसणारे डंख मारणारे जीव, आणून बसवली. मी केवढा मिरवलो! पुढे तो वाढला आणि फुलांसकट मोठ्या शंखात गेला. माझ्यात शिरायला दुसरा खेकडा खडकाआड थांबलाच होता, इतक्यात आशाबाईंनी मला उचलले. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याहून त्या बचत गटाच्या सहलीला आल्या होत्या. त्यांना वाटले, शंख रिकामाच आहे.

त्यांच्या देवघरात माझा थाट होता, पण मी काही केल्या वाजेना. शेजारीपाजारी गाल फुगवून दमले. शेवटी वेल्डिंगवाले हिंमतराव म्हणाले, "शेंडा कापा लागते, वहिनी. मंग पाहा कसा वाजते!"

माझे धाबे दणाणले. घराला मागून भोक पडले तर कोणता खेकडा येणार? हिंमतरावांनी कापण्याआधी मला झटकले, तसा आतून खेकड्याच्या जुन्या कातीचा लाल नांगा खाली पडला.

"थांबा हो भाऊ!" आशाबाई ओरडल्या. "हे तं कोनाचं तरी घर हाय. आन् मी उचलून आनलं!"

त्यांचे यजमान उत्तमराव म्हणाले, "मंग लोणारच्या तळ्यात सोडू. तिथलंबी पानी खारंच हाय."

"पानी खारं हाय, पन तिथं राहाले कोन येईन?"

पुढच्या सहलीला मी दशम्यांच्या पिशवीतून निघालो. आशाबाईंनी मला त्याच खडकांतल्या डबक्यात ठेवले आणि पदर खोचून बसल्या. गाडी सुटायची वेळ झाली, बायका हाका मारू लागल्या, तरी त्या हलेनात. तेवढ्यात फुटक्या, तोकड्या शंखातला एक मोठा खेकडा आला. नांग्याने त्याने माझे तोंड चाचपले आणि झटकन मागच्या मागे आत सरकला.

"आला वो बाई, भाडेकरू आला!" आशाबाईंनी टाळ्याच पिटल्या. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, समुद्रावर याल तेव्हा आम्हाला हातात घ्या, कानाला लावा, कौतुक करा. मग जिथले तिथे ठेवा. खडकाआड कोणीतरी ताटकळत असते.

बरे, येतो. माझा भाडेकरू चालू लागला आहे.