रजिस्टर केलेला माणूस

आनंदाला धमकीचं पत्र आलं ते घेऊन त्याचा दोस्त धोंडूच आला. दोघेही परळकडच्या एका पोस्टात पोस्टमन. सकाळी पत्रं लावताना धोंडूने ते पाहिलं, तेव्हा आनंदा त्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता. पण पाकिटावर ‘लालबाग, खोली चौदा’ असं लिहिलेलं. म्हणून धोंडूने ते पिशवीत टाकलं, लालबागपर्यंत चालत नेलं आणि आनंदाच्या बायकोच्या, अंबिकेच्या, हातात दिलं. कायदा म्हणजे कायदा.

संध्याकाळी आनंदाने पत्र फोडलं. ‘गुरुवारी साहेबापुढे उभा राहशील तर ज्या पायांनी फेऱ्या मारतोस ते दोन्ही पाय गिरगावात मुगभाटाच्या नाक्यावर राहतील. अर्जावरचे नाव काढ. — एक हितचिंतक.’

अर्ज मुंबईतल्या एकशे चाळीस पोस्टमनांचा होता. दिवसाच्या सात फेऱ्यांच्या पाच करा, एवढंच मागणं. पहिली सही आनंदाची, आणि गुरुवारी गिरगावच्या कचेरीत बोलायचंही त्यानेच. तो गेला नाही तर बाकीचे एकशे एकोणचाळीस आपापल्या सह्या दुसऱ्याच कुणाच्या म्हणून सांगतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अठराशे पंचाण्णव साली सरकारी नोकराची छाती एवढीच असे.

“नाव काढा म्हणत नाय मी,” अंबिका म्हणाली. “पण पाय दोनच आसत.”

दुसऱ्या दिवशी आनंदा चौकीवर गेला. हवालदार तंबाखू मळत होता. पत्र त्याने उलटं धरून वाचलं.

“मारलं का तुला?”

“अजून नाही.”

“मग तक्रार कसली? मारल्यावर ये. चालत येता आलं नाही तर कुणाला तरी पाठव.”

इतका सोयीचा बंदोबस्त मिळाल्यावर आनंदाने हवालदाराला रामराम केला आणि पोस्टात येऊन ते पाकीट धोंडूपुढे टाकलं. धोंडूने मजकुराकडे पाहिलंसुद्धा नाही. पंचवीस वर्षं तो फक्त पत्ते वाचत आला होता.

“अरे, हा पत्ता बघ. चाळीचं नाव, मजला, खोली, वर ‘बीट नंबर तेवीस, दुसरी फेरी’! मुंबईतला कुठला माणूस बीट नंबर लिहितो रे? लोक लिहितात, ‘मसाला कुटतात त्याच्या शेजारी, आनंदा मिशीवाले यांस.’”

“म्हणजे पोस्टातलाच कुणी.”

“कुणीतरी गाढव. आपल्याकडे पोस्टमन सतरा, म्हणजे बीटं सतराच. तेवीस आणलं कुठून ह्याने?”

गाढवाचा शोध तेवढ्यावर थांबला, कारण दिवसाच्या सात फेऱ्या ज्यांनी लावल्या ते त्यांचे ओव्हरसियर गंगाधरपंत टेबलाशी आले. पंतांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेला होता. त्यामुळे स्वतःच्या चुकांना त्यांच्याकडे फार निवांत जागा मिळे. “काय रे आनंदा, तोंड का उतरलंय? तब्येत सांभाळ. गुरुवारी घरी पडून राहा हवं तर, रजा देतो,” ते म्हणाले. पंतांनी आपण होऊन रजा दिल्याचं पोस्टात कुणी ऐकलं नव्हतं.

ते गेल्यावर धोंडू म्हणाला, “सरकार माणसाची काळजी घेत नाही, रजिस्टराची घेतं. कुणा शेठजीचं रजिस्टर पाकीट हरवलं तर साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे रांगेत उभे. तुला रजिस्टर करू.”

गुरुवारी सकाळी खोली चौदाच्या दारात धोंडूने कागद काढला. वर लिहिलं : ‘नग एक. आनंदा. शाबूत.’ खाली सही केली, वेळ घातली. आता ज्याच्या बीटातून आनंदा जाणार, त्या पोस्टमनने त्याला तपासून घ्यायचं, सही करायची आणि पुढच्याच्या हवाली करून त्याची सही घ्यायची. फेरी कुणी चुकवायची नाही. नग फेरीतूनच न्यायचा.

त्यामुळे आनंदा पत्रांच्या चालीने निघाला. चिंचपोकळीला प्रत्येक जिन्याखाली थांबला. भायखळ्याला एका म्हातारीला मुलाचं पत्र वाचून दाखवेपर्यंत उभा राहिला. ती म्हणाली, “आज दोघं कशाला रे?” पोस्टमन म्हणाला, “हे टपाल आहे, आजी.” आपल्याला टपाल म्हटल्याचा आनंदाला राग आला खरा, पण पाय शाबूत होते.

पुढच्या बीटाचा पोस्टमन आलाच नाही. त्यालाही त्याच सकाळी न मागता रजा देऊन घरी बसवलं होतं. नग घेऊन उभा असलेला पोस्टमन कपाळाला हात लावतो, तेवढ्यात घोडपदेवाकडून काशीबाई कोळीण पाटी घेऊन आली. गिरगावातच निघाली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “दे रं इकडं. माझ्या पाटीला घार शिवत नाय, ह्याला कोन शिवतंय?” तिने कागदावर अंगठा उठवला. कागदाला बोंबलाचा वास लागला तो लागलाच.

मुगभाटाच्या नाक्यावर दोन तालीमबाज खरोखरच काठ्या घेऊन उभे होते. काशीबाईने कोयता पाटीतून काढून हातात घेतला. तालीमबाज समोरच्या देवळाचा कळस पाहू लागले.

कचेरीत साहेब बसला होता, शेजारी गंगाधरपंत. आनंदाला बघून पंतांच्या हातातली दौत कलंडली. साहेबाने नगाच्या सह्यांचा कागद हात लांब करून वाचला. अर्जापेक्षा तोच त्याला जास्त आवडला, कारण त्यात वेळा होत्या. मग आनंदाने धमकीचं पाकीट पुढे केलं. साहेब मराठीची परीक्षा पास झालेला होता.

“बीट तेवीस? नवी बीटं पहिल्या तारखेपासून आहेत. अजून जाहीर नाहीत. यादी कुणाकडे?”

“माझ्याकडे, साहेब,” पंत अभिमानाने म्हणाले. “कुलपात. दुसऱ्या कुणाची दृष्टीसुद्धा पडलेली नाही.”

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. बाकीच्यांना आधीच कळलं होतं.

साहेबाने पंतांना बडतर्फ वगैरे केलं नाही. त्यासाठी वर रिपोर्ट लिहावा लागला असता आणि ऊन फार होतं. अर्ज ऐकून त्याने सातातली एक फेरी कमी केली, दुसरीचा विचार करू म्हणाला, आणि कागद पंतांपुढे सरकवला. “हा नग तुम्ही परत पोहोचवा. पोच मला दाखवा.”

पंतांनी सही केली. मुगभाटाच्या नाक्यावर तालीमबाज पुढे आले.

“पंत, ह्योच ना तो?”

“नाही! हा नव्हे! अजिबात नव्हे!” पंत आनंदाच्या पुढे हात पसरून उभे राहिले. वीस वर्षांत त्यांनी पोस्टमनसाठी केलेलं हे पहिलंच काम.

लालबागला अंबिकेने आनंदाला दारात उभं करून पुढून पाहिलं, वळवून मागून पाहिलं. पंत घाम पुसत जिन्यात उभे होते.

“डाव्या कोपराला खरचटलंय.”

“अगो, ते पिशवीच्या पट्ट्याचं आहे, जुनं,” आनंदा म्हणाला.

“तुमी गप ऱ्हावा. लिवा वो पंत, खरचटलंय म्हणून. मगे मी अंगठो देतंय.”

पंतांनी कागद गुडघ्यावर धरला आणि लिहिलं.