बर्फातल्या रुळावर माझा पाय मोडला

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा हलू नये म्हणून त्याला ज्या तीन पायांच्या घोडीवर बसवतात, ती घोडी म्हणजे मी. माझा जन्मच मारहाणीत झाला. भट्टीत ॲल्युमिनियम वितळवले, साच्यात कोंबले, यंत्राखाली दाबले, अंगभर भोके पाडली आणि त्यांत स्क्रू पिळले. पण ती मारहाण मला घडवण्यासाठी होती. दुसऱ्या तऱ्हेची मारहाण मी पुढे पाहिली.

२००१ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका दुकानातून कल्याणीताईंनी मला घरी आणले. त्या तिथल्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डमध्ये नर्स होत्या. त्यांचे वडील हरिदास हे भुसावळच्या लोको शेडमधले फायरमन. बावीस वर्षे त्यांनी वाफेच्या इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकला होता. इंग्लंडमध्ये हौशी लोकांनी जुनी इंजिने जपली आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्या खास सहली निघतात, हे कळल्यापासून ताईंना सुट्टीच्या दिवशी घरात बसवेना. थंडी जितकी कडक, तितकी वाफ पांढरी आणि दाट दिसते. म्हणून आम्ही नेमके बर्फात जायचो. फोटो भुसावळला जायचे आणि तिकडून वडिलांचे पत्र यायचे. ‘जय भीम. फोटो मिळाला. धूर फार काळा आहे. इंजिनावरचा पोरगा एकदम ढीगभर कोळसा लोटतोय. थोडा थोडा टाक म्हणावं त्याला.’

हे वाचून ताई हसत आणि पुढच्या सहलीची तारीख शोधत.

बाहेरून हा छंद शांत वाटतो. तसा तो नाही. गाडी दिवसातून एकदाच जाते आणि साठ-सत्तर माणसे एकाच भिंतीपाशी तिची वाट पाहतात. मी कोपरांचे धक्के खाल्ले, बुटांच्या लाथा खाल्ल्या. चौकटीत फांदी येते म्हणून कोवळे झाड करवतीने पाडलेले मी पाहिले. मेंढ्यांच्या कुरणाची दगडी भिंत पायांखाली ढासळवलेली पाहिली. या सगळ्यांत ग्रॅहम नावाचा एक धिप्पाड गृहस्थ पुढे असे. एरवी तो थर्मासमधला चहा इतरांना देई. गाडीची वेळ झाली की मात्र त्याच्या डोळ्यांत रक्त उतरे. एकदा एका बाईचा कुत्रा त्याच्या चौकटीत आला, तर त्याने कुत्र्याला दगड हाणला होता.

२००६च्या जानेवारीत हरिदासबाबा पहिल्यांदाच लेकीकडे आले. ताई त्यांना गाडीत घालून उत्तरेकडच्या डोंगरांत घेऊन गेल्या. रात्रभर बर्फ पडून गेला होता. समोर रुळांच्या दोन जोड्या होत्या. पलीकडच्या रुळावरून गाड्या चढावर जात, अलीकडच्या रुळावरून उतारावर येत. रुळांलगतच्या दगडी भिंतीपाशी नेहमीची गर्दी होती आणि त्या भिंतीत एक छोटे लाकडी फाटक होते. तिथून पायवाट रूळ ओलांडून पलीकडच्या कुरणात जात असे.

“बाबा, थंडी वाजतेय का? कारमध्ये बसता थोडा वेळ?” ताईंनी विचारले.

“अगं, बावीस वर्षं भट्टीपुढे भाजलोय. जरा गार होऊ दे,” बाबा म्हणाले. माकडटोपी वर करून त्यांनी कान उघडे केले आणि इंजिनाचा आवाज येतो का ते ऐकत ते भिंतीच्या कडेने चार पावले पुढे गेले.

“ए! फ्रेममधून बाहेर हो!” मागून ग्रॅहम इंग्रजीत ओरडला.

बाबांना त्याचे बोलणे कळले नाही. त्यांनी वळून हात हलवला आणि हसले. ग्रॅहम धावत आला आणि दोन्ही पंजांनी त्याने बाबांना बाजूने धक्का दिला. बाबांचे तोंड भिंतीवर आपटले. ओठ फाटला. बर्फावर रक्ताचे थेंब पडले आणि त्यांतच बाबांनी एक दात थुंकला. कोणीतरी फिदीफिदी हसले. बाकीच्यांनी कॅमेऱ्यांत डोळे खुपसले.

ताईंनी कॅमेरा माझ्यावरून काढला, मला मिटवले आणि सोट्यासारखे उचलले. माझे जड डोके ग्रॅहमच्या कानशिलापासून हातभर अंतरावर होते. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच भीती वाटली.

“कल्याणी! खाली ठेव ते!”

“बाबा, यानं ढकललं तुम्हाला! रक्त आलंय तुम्हाला! मी याला सोडणार नाहीये!”

“मार मला बसला ना? मग काय करायचं ते मी सांगतो. ठेव खाली.”

बाबांनी मला ताईंच्या मुठीतून सोडवून घेतले आणि काठीसारखे टेकून ते उभे राहिले. “गाडी बघायला आलोय, गाडी बघू,” ते म्हणाले.

तेवढ्यात खाली दरीत शिट्टी वाजली. इंजिन चढ चढू लागले. भक्, भक्, भक् असे ठोके डोंगरावर आपटून परत येऊ लागले. आता साऱ्यांच्या माना एकाच बाजूला होत्या. ग्रॅहमला मात्र ती जागा पुरेना. त्याने फाटकाला लाथ घालून ते उघडले आणि तो अलीकडच्या रुळांमध्ये जाऊन उभा राहिला. डोळा कॅमेऱ्याला, पाठ वरच्या वळणाकडे.

त्या वळणाकडे पाहणारे फक्त बाबा होते. फायरमन दोन्हीकडे बघतो. वळणावरून एक डिझेल मालगाडी उतरत होती. बर्फामुळे तिच्या चाकांचा आवाज येत नव्हता आणि तिचा भोंगा वाफेच्या गर्जनेत बुडून गेला होता.

बाबा धावले. साठी उलटलेला माणूस इतका धावू शकतो हे मला ठाऊक नव्हते. फाटकातून जाता जाता त्यांनी माझे पाय फाकवले, ग्रॅहमच्या पाठीवरच्या बॅगेच्या पट्ट्यात माझा एक पाय अडकवला आणि अंगाचे सगळे वजन मागे फाटकाकडे टाकले. ग्रॅहम रुळाबाहेर कुशीवर कोसळला. त्याचा गुडघा दगडावर फुटला. मी पट्ट्यातून निसटलो तेव्हा माझा एक पाय अजून रुळावर होता. मालगाडीने तो पाय वाळल्या काटकीसारखा मोडला आणि मला गरकन फिरवून बाबांच्या उजव्या हातावर आपटले. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. ते हाड माझ्यामुळे मोडले, हे मी विसरू शकत नाही.

मालगाडीचे डब्यांमागून डबे किंचाळत गेले आणि पुढे कुठेतरी थांबले. ताईंनी आपल्या मफलरने बाबांचा हात गळ्यात बांधला. मग ज्याच्यावर त्यांनी मला उगारले होते, त्याच ग्रॅहमचा पाय त्यांनी सरळ धरून ठेवला. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या तशाच बर्फात बसून होत्या.

पण मार इथेच संपला नाही. ग्रॅहमने रेल्वे पोलिसांना सांगितले की, म्हाताऱ्याने सूड म्हणून त्याला मागून ट्रायपॉडने मारले. पोलिसांनी पुरावा म्हणून माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधून मला कपाटात ठेवले. हौशी लोकांच्या वेबसाइटवर कोणी कोणी लिहिले, ‘त्या परक्या माणसाने आमचा शॉट नासवला.’ भिंतीपाशी साठ माणसे होती. सांगायला एकही पुढे आला नाही. ताईंनी हे बाबांना वाचून दाखवले नाही. तरी एके सकाळी बाबांनीच विचारले, “मला तुरुंगात टाकतील का गं?” ताई त्यांच्या प्लास्टरवरची पट्टी नीट करत राहिल्या.

पाच आठवड्यांनी मला सोडण्यात आले. मालगाडीच्या ड्रायव्हरने जबाब दिला होता. त्याने काचेतून सगळे पाहिले होते.

तो ड्रायव्हर, कीथ, एका दुपारी ताईंच्या घरी आला. चाळिशीतला, अबोल माणूस. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होतो. ताईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने कप तसाच बाजूला सरकवला. त्या दिवसापासून आपण इंजिनावर चढलो नाही, असे तो खाली बघत म्हणाला.

बाबांनी आपल्या डाव्या हाताने त्याचा हात धरला आणि ते मराठीत बोलू लागले. ताई इंग्रजीत सांगत होत्या. “एकदा आमच्या इंजिनापुढे एक माणूस आला. जवळच्या नशिराबादचा होता, कामावर निघालेला. ड्रायव्हर रघुवीरने ब्रेक लावला, मी शिट्टीची साखळी ओढून धरली. काही उपयोग झाला नाही. इंजिन धुवायला आम्हीच होतो.” इथे ताई बोलायच्या थांबल्या. बाबांनी ही गोष्ट घरात कधीच सांगितली नव्हती.

“सांग त्याला,” बाबा म्हणाले. “मी त्या फोटोवाल्यासाठी नाही धावलो. काचेत याचा चेहरा दिसला मला. याच्यासाठी धावलो.”

ताईंनी सांगितले. कीथने विचारले, “तुमचा रघुवीर परत कामावर गेला का?”

रघुवीरचे नाव ऐकताच, ताईंनी मराठीत सांगायच्या आधीच, बाबांना प्रश्न कळला होता. त्यांनी मान हलवली. “नो,” ते म्हणाले. मग आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी त्याचा हात दाबत सांगितले, “बट यू गो. मंडे, यू गो.”

तो गेला. सोमवारी नाही, पण मार्चमध्ये गेला.

मित्रांनो, मी धातूचा आहे, मला फार काही मागता येत नाही. पण जुन्या गाड्या बघायला जाल तेव्हा एवढे करा. शेजारच्याला धक्का देऊ नका. कोणी पडला तर कॅमेऱ्यात तोंड लपवू नका, त्याला उचला आणि विचारतील तिथे जाऊन खरे सांगा. आणि फाटकाच्या अलीकडेच उभे राहा. प्रत्येक गाडीच्या काचेमागे एक माणूस बसलेला असतो. त्याला चटकन थांबता येत नाही. तुम्हाला येते.