स्वावलंबी माणसाची काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. एका सुताराने मला पलंगाच्या उरलेल्या दांडीतून घडवले आणि खुबा मोडलेल्या निवृत्त बसचालकाच्या हाती दिले. "ही माझी दुसरी बायको!" असे ते सगळ्यांना सांगत. पहिली बायको, म्हणजे काकू, हसत. चार वर्षे मी त्यांना तीन मजले चढवले, उतरवले.

मग ज्येष्ठांच्या वसाहतीचा अर्ज घरी आला. तिथे लिफ्ट होती. पण नियमात लिहिले होते, 'अर्जदार किमान साठ वर्षांचा व स्वावलंबी असावा.'

"काठीवर टेकणारा कसला स्वावलंबी?" मालकांचा चेहरा उतरला.

"आणि मी सत्तावन्नचीच!" काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी दाराआड पडले. मालक भिंत धरून चालण्याचा सराव करू लागले. दोनदा पडता पडता वाचले. माझा जीव टांगणीला लागला, पण करणार काय?

मुलाखतीला त्यांनी मला कचेरीबाहेरच्या कोपऱ्यात उभे केले. दार उघडेच होते. चार पावलांतच ते टेबलावर आदळले.

"काठी कुठाय तुमची?" अधिकारी बाईंनी विचारले.

"छे! मी वापरतच नाही."

"मग तळहाताला हे घट्टे कसले?"

"स्टिअरिंगचे."

"निवृत्त होऊन बारा वर्षं झाली ना, काका?"

मालकांनी तळहात पाठीमागे लपवला. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अंघोळ, जेवण, औषधं तुमची तुम्ही करता ना? मग झालं. काठी चालते. जोडप्यात एकाचं वय साठ असलं तरी पुरतं."

काकूंनी पदराचे टोक घट्ट धरले. "यांचं काही बरंवाईट झालं, तर मला बाहेर काढाल?"

"नाही हो. घर दोघांच्या नावावर असतं."

काकू बाहेर आल्या, मला उचलले आणि मालकांच्या हातात दिले. प्रतीक्षायादीत आमचा क्रमांक एकोणिसावा आहे, आणि तीन मजले अजून तसेच आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही असा एखादा कागद आला, तर आजी-आजोबांशेजारी बसून तो मोठ्याने वाचा. अडेल तिथे विचारायला त्यांच्यासोबत जा. एकट्याने वाचलेला नियम फार कडक वाटतो.